शब्दांच्या मुळाशी जायचंय? द्राक्षापासून सुरू करा

डिक्शनरी ॲप घेतलंत ना, मग नुसत्या अर्थावर थांबू नका. नोंदीच्या तळाशी बहुधा ‘ओरिजिन’ किंवा ‘एटिमॉलॉजी’ असा भाग असतो. खरी मौज तिथे आहे. आपण नाशिककर, म्हणून ‘ग्रेप’पासूनच सुरुवात करा. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द द्राक्षाच्या घडासाठी होता, इंग्रजीत तो एकेका मण्याला चिकटला. लगेच ‘रेझिन’ उघडा. इंग्रजीत बेदाणा, पण फ्रेंचमध्ये आजही द्राक्ष! त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ पुन्हा घडच. मग ‘व्हिनेगर’ बघा, मूळ फ्रेंचमध्ये आंबट वाइन. असे शेजारशेजारचे शब्द लागोपाठ पाहिले की लक्षात राहतात, सुटे सुटे पाहिलेले विरून जातात.

‘मंगूस’ तर पाहाच. तिथे चक्क आपलं मराठी मुंगूस भेटतं!

नोंदीतले ‘पर्हॅप्स’, ‘प्रॉबेबली’ गाळून वाचू नका, कोशकारांनी ते विचारपूर्वक घातलेले असतात. साल दिलं असेल तर ते शब्दाच्या जन्माचं नसतं, सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी वापराचं असतं. आणि ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, असं व्हॉट्सॲपवर आलं तर पुढे पाठवण्याआधी ॲप उघडा. तो सरळ ‘न्यू’वरून आला आहे.

दोन ॲपचं जुळलं नाही, तर १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच. तिथे जाऊन जाडजूड इंग्रजी कोश मागा.