एफडी मोडून पवनचक्की लावू का? आधी वारा मोजा

नमस्कार दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की रिटायरमेंटला 8 वर्षं राहिलीत, घर टेकाडावर आहे, वारा भरपूर, विक्रेत्याने 5 किलोवॅटच्या पवनचक्कीचं कोटेशन दिलंय आणि 3 वर्षांत पैसे वसूल असं सांगितलंय, तर निम्मे पैसे एफडी मोडून आणि निम्मे लोन काढून लावू का. वहिनींचा विरोध आहे असंही लिहिलंत. वहिनी बरोबर आहेत, निदान सध्या तरी.

कोटेशन बघितलं. त्याने 5 गुणिले 24 तास गुणिले 365 दिवस केलंय, झाले 43,800 युनिट. म्हणजे वर्षभर रात्रंदिवस फुल वारा धरलाय! तो 5 किलोवॅटचा आकडा त्याच्याच माहितीपत्रकात सेकंदाला 11 मीटर वाऱ्याला दिलाय, म्हणजे ताशी जवळपास 40 किलोमीटर. असा वारा दिवसभर असेल तर तुम्हाला अंगणात कपडे वाळत घालता येणार नाहीत.

आता मुख्य गोम. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 5 चा घन 125, 4 चा 64. वेग फक्त 1 मीटरने कमी, वीज जवळजवळ निम्मी. शिवाय वाऱ्यातली सगळी ऊर्जा कोणतंच मशीन काढू शकत नाही, जास्तीत जास्त 59.3 टक्के, ही बेट्झची मर्यादा, त्यापुढे कुठलंही डिझाइन जात नाही कितीही भारी म्हणून विकलं तरी. तुमच्या चक्कीचा व्यास 5 मीटर आहे, वारा सेकंदाला 5 मीटर असताना ती आदर्श असती तरी 900 वॉटच्या आतच राहिली असती.

मग खरी वीज किती? तुमच्याकडे वाऱ्याची वर्षाची सरासरी सेकंदाला 5 मीटर निघाली तर मी फुल क्षमतेच्या 15 टक्के धरीन, 6,570 युनिट. विक्रेत्याची 3 वर्षं मग थेट 20 होतात, आणि मशीनचं आयुष्यच साधारण 20 वर्षं. सरासरी 4 निघाली तर 40 वर्षं. यात लोनचं व्याज, मोडलेल्या एफडीचं बुडालेलं व्याज, बेअरिंग, इन्व्हर्टर, टॉवरवर चढणाऱ्या माणसाची मजुरी काहीच धरलेलं नाही. चक्कीला इंधन लागत नाही हे खरंय, पण म्हणूनच सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो आणि व्याजदर अर्ध्या टक्क्याने हलला तरी गणित हलतं. मोठ्या विंड फार्मवाल्यांनाही हेच लागू आहे बरं का, 2023 मध्ये ऑर्स्टेडसारख्या दिग्गज कंपनीने अमेरिकेतले समुद्रातले दोन प्रकल्प सोडून दिले त्यामागे वाढलेले व्याजदर हे एक कारण होतंच.

गच्चीवर लावायचा विचार तर सोडाच. इमारतीला आपटून वारा गिरक्या घेतो, वीज कमी आणि हादरे जास्त. 100 मीटरच्या परिसरातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा पाती निदान 9-10 मीटर वर पाहिजेत, आणि त्या टॉवरचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या पानावर बारीक अक्षरात आहे, दिसला का?

मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही हां. 1888 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रश या संशोधकाने क्लीव्हलंड शहरात घरामागे 17 मीटर व्यासाची, 144 पात्यांची चक्की उभारली, 12 किलोवॅटची, तळघरात बॅटऱ्या, आणि ती 20 वर्षं चालली. फक्त त्याला रिटायरमेंटची काळजी नव्हती. तुमच्याकडे ग्रिडची लाइनच नसती आणि डिझेल जाळत असता, तर मीही वेगळं बोललो असतो, कारण मग तुलना महागड्या विजेशी झाली असती. पण लाइन आहे.

तर असं करा, एफडी आहे तिथे राहू द्या, लोनचा फॉर्म भरू नका. चक्कीच्या उंचीएवढा एक साधा खांब उभा करून त्यावर अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) आणि डेटा लॉगर (त्याची सतत नोंद ठेवणारं उपकरण) लावा, पूर्ण 12 महिने, कारण एका मोसमाच्या आकड्यावर वर्षाचा अंदाज काढता येत नाही. मोबाइल अ‍ॅपचा आकडा चालणार नाही. तोवर तेवढ्याच पैशात सोलरचं कोटेशनही मागवा, त्यात फिरणारा भागच नसतो. वर्षाने सरासरी 6 च्या वर आली तर विक्रेत्याकडून वर्षाला किती युनिट मिळतील याची लेखी हमी घ्या आणि ती हमी आणि वाऱ्याची नोंद, दोन्ही मला पाठवा. तो हमी द्यायला कां कूं करायला लागला तर तेही कळवा.