पाटीसाठी जाड, गोल फाँट

दादरच्या दुकानाची पाटी हे तुझं पहिलं काम, म्हणून सांगतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ निवडलास, छान केलंस. जाड, गोलसर आणि मुक्त परवान्याचा, म्हणजे पाटीवर वापरायला पैसे पडत नाहीत. त्याच्या नव्या आवृत्तीत, ‘बलू २’मध्ये, ५ वजनं म्हणजे जाडीच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात जाड वजन फक्त दुकानाच्या नावाला ठेव. पत्ता आणि फोन नंबरसाठी ‘मुक्ता’सारखा साधा फाँट घे.

खरी परीक्षा जोडाक्षरांची. जाडी वाढली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आटते. ‘शुद्ध’, ‘मिष्टान्न’, ‘पुऱ्या’ हे शब्द आधी टाइप कर, कागदावर छाप, भिंतीला लाव आणि रस्त्याच्या पलीकडून वाच. स्क्रीनवर मोठं करून बघितलंस तर काहीच कळणार नाही. ‘द्ध’चा गोळा झालेला दिसला तर एक वजन खाली उतर.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. मला तर ती तुटलेली बघवतच नाही! ओळींमध्ये मात्र सढळ जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवड. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतील.