आधी पॉलिसी परत करा, जनरेटरचं नंतर बघू

भूम तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४३, दूध संकलन केंद्र चालवतात, घरात पत्नी, दोन मुलं आणि आई. कमिशनमधून वर्षाला साडेतीन-चार लाख सुटतात. केंद्रावर हजार लिटरचा बल्क कूलर (दूध थंड करून ठेवणारी टाकी) आहे, पाच एचपीचा कॉम्प्रेसर. संध्याकाळी साडेचारशे लिटर दूध टाकीत पडतं आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. गेल्या वर्षात सात वेळा दूध नासलं. आता अहिल्यानगरच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे मिलिटरी डिस्पोजलचा ३० केव्हीएचा जनरेटर १ लाख ७० हजारांना मिळतोय, ‘फक्त चारशे तास चाललेला’. त्यासाठी पत्नीचं सोनं तारण ठेवून दोन लाख उचलावेत, की फायनान्स कंपनीचं कर्ज काढावं, एवढंच त्यांनी विचारलंय. पण पत्राच्या शेवटी लिहितात, ‘हाताशी रोख नाही, कारण रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातले तीन लाख मागच्या महिन्यात बँकेत एफडीत टाकले. पंधरा वर्षांनी ३८ लाख मिळणार, वर विमा फुकट.’ सोबत त्या ‘एफडी’च्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

हे उत्तर मी त्यांना पत्र वाचलं त्याच रात्री पाठवलं. इथे छापून येईपर्यंत थांबलो असतो तर पॉलिसी परत करायची मुदत निघून गेली असती.

नमस्कार. जनरेटर आठ दिवस बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जे छापलंय ते मी तुम्हाला वाचून दाखवतो: वार्षिक हप्ता ३,००,०००. हप्ते भरण्याची मुदत ७ वर्षे. पॉलिसीची मुदत १५ वर्षे. ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. तुम्ही तीन लाख एकदाच ठेवलेले नाहीत, पुढची सहा वर्षं दरवर्षी आणखी तीन लाख भरायचं कबूल केलंय. एकूण २१ लाख. वर्षाला चार लाख कमावणाऱ्या माणसाच्या गळ्यात तीन लाखांचा हप्ता बांधणाऱ्याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही.

तीन लाखांचे पंधरा वर्षांत ३८ लाख म्हणजे दरसाल अठरा टक्क्यांच्या वर झालं. असं व्याज कुठल्याच बँकेची एफडी देत नाही. साडेसहा टक्क्यांनी तीन लाखांचे पंधरा वर्षांत साधारण पावणेआठ लाख होतात. ते ३८ लाख सगळे सात हप्ते भरल्यावरचे आहेत. सरासरी काढली तर तुमचा प्रत्येक रुपया तिथे बारा वर्षं राहणार आणि २१ चे ३८ होणार. म्हणजे पाच टक्के. विमाही फुकट नाही, त्याचे पैसे त्यातूनच कापले जातात.

आता महत्त्वाचं. पॉलिसीचा लिफाफा हातात येऊन १९ दिवस झाले असं तुम्ही लिहिता. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत कुठलंही दडपण न घेता पॉलिसी परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात आणि तो विमा नियामकाने दिलेला तुमचा हक्क आहे, बँकेची मेहेरबानी नाही. तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे खात्यात येतात. तुमच्याकडे ११ दिवस आहेत. अकराव्या दिवसाची वाट बघू नका, उद्याच जा.

अर्ज बँकेला नव्हे, विमा कंपनीच्या नावे लिहा: ‘एफडी म्हणून सांगून ही पॉलिसी देण्यात आली, फ्री लूकखाली रद्द करून रक्कम परत करावी.’ सोबत मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्र. कुरिअरचा लिफाफा फेकला नसेल तर जपून ठेवा, मिळाल्याची तारीख त्यावरच सिद्ध होते. कंपनीची शाखा जवळ नसेल तर कंपनीच्या ईमेलवर पाठवा आणि तोच अर्ज बँकेतही द्या, पण पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. बँकेतले साहेब म्हणतील, ‘वर्षभर थांबा, मग बघू.’ थांबायचं नाही. वर्षभराने हात काढून घेतलात तर भरलेल्या पैशांचा मोठा लचका तुटतो.

प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसी घेताना तुमच्या नावाने भरलेल्या फॉर्मची प्रतही त्याच पाकिटात असते, ती आज रात्रीच उघडून बघा. तुमचं उत्पन्न किती लिहिलंय? मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे का? मी पाहिलेल्या अशा बऱ्याच कागदांत उत्पन्न फुगवलेलं असतं आणि ईमेल भलत्याचाच असतो. ईमेल महत्त्वाचा एवढ्यासाठी की पॉलिसी आधी ईमेलने आली असेल तर कंपनी दिवस तिथपासून मोजायला बघेल. कंपनीकडून पडताळणीचा फोन आला तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं तुम्हाला सांगितलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. ३० दिवस उलटले की तेच रेकॉर्डिंग तुमच्यासमोर ठेवलं जातं. मुदत हुकलेल्या इतर वाचकांनी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंदवावी. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही. पण तो रस्ता लांबचा आहे.

पैसे आले की सोन्याचा प्रश्नच उरत नाही. तीन लाख पाच टक्क्यांनी अडकवायचे आणि दोन लाख दहा-बारा टक्क्यांनी उचलायचे, हे तुम्ही करायला निघाला होता. दागिने घरीच राहू द्या.

विमा मात्र तुम्हाला खरंच हवाय. पाच माणसांचं घर एका माणसाच्या कमाईवर आहे. ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) घ्या, तंबाखूचं व्यसन नसेल तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेलाय. कंपन्या आयटी रिटर्न मागतात. भरत नसाल तर या वर्षीपासून भरा.

आता जनरेटर. नुकसान खरं आहे: साडेचारशे लिटर, ३४ रुपयांनी, एका वेळेला पंधरा हजार, सात वेळा म्हणजे लाखभर. त्यामुळे सोय करायलाच हवी. पण ३० केव्हीए कशाला? पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट खेचते, तो झटका धरूनही १५ केव्हीए पुरतो. ३० केव्हीएचं इंजिन एवढ्याशा लोडवर चाललं तर डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गळतं, रिंगांवर कार्बन बसतो. वर तासाला तीन लिटर डिझेल पितं, तेच काम छोटा संच दोन लिटरमध्ये करतो.

तुम्ही वर्षाला ३०० तास धरलेत, म्हणजे मोठ्या संचाला नुसतं डिझेल ८० हजारांचं. वाचणार लाख, त्यातले ८० हजार पंपावर, उरलेले व्याजात आणि सर्व्हिसिंगमध्ये. हाती काहीच नाही. पण ३०० तास लागतातच कुठे? चार अंशांवर आलेलं दूध चांगल्या टाकीत चार-पाच तास लाइट नसली तरी एक-दोन अंशच चढतं. धोका नुकत्या ओतलेल्या कोमट दुधाला आहे. तेवढ्यापुरताच चालवा, वर्षाला शंभर तासांत भागेल.

तुमच्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, हे पत्रात ओझरतं आलंय. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारा १५ केव्हीए अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग, इंजिनाशिवाय) बघा. दुसरं इंजिन नाही, दुसरी देखभाल नाही आणि लाखाच्या आसपास काम होतं. दोन-तीन ठिकाणचं कोटेशन घ्या. पेरणी-नांगरटीच्या दिवसांत संध्याकाळी ट्रॅक्टर केंद्रावर हवा, ही अडचण खरी आहे, ती घरात बोलून घ्या. माझं मत या पर्यायाच्या बाजूने आहे.

तरीही मिलिटरीचाच घ्यायचा असेल तर आधी नेमप्लेट वाचा: ४१५ व्होल्ट, थ्री फेज, ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम. लष्कराचे काही संच रडारसारख्या उपकरणांसाठी ४०० हर्ट्झचे असतात, त्यावर तुमचा कॉम्प्रेसर चालणार नाही. तुम्ही ज्यांचे व्हिडिओ पाहिलेत ते अमेरिकी सैन्याचे एमईपी-८०३ए संच १० किलोवॅटचे आणि दणकट आहेत, पण १२०/२४० व्होल्ट, ६० हर्ट्झचे. तिथली तारीफ इथल्या भंगार बाजारातल्या संचाला लावू नका. ‘चारशे तास’ या आकड्यावरही भिस्त नको. मीटर बदलता येतो, आणि वर्षानुवर्षं उभ्या मशीनचे सील, होस कडक होतात.

असा माल सरकारी लिलावात ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर विकला जातो, गॅरंटी कुणाचीच नसते. व्यापाऱ्याकडे लिलावाचा डिलिव्हरी ऑर्डर आणि इंजिन नंबर, अल्टरनेटर नंबर लिहिलेलं जीएसटी बिल मागा. दोन्ही नसेल तर परत फिरा, चोरीच्या मालाची झंझट तुमच्या दारात येईल. इंजिन थंड आहे ना ते आधी हात लावून बघा, मगच सुरू करायला सांगा. दोन तास लोडवर चालवून व्होल्टेज आणि हर्ट्झ मोजा, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग तपासा, मगच पैसे.

हिशेबात तुम्ही वाहतूक धरलीत, बाकी राहिलंय. २४ व्होल्टच्या स्टार्टरला दोन बॅटऱ्या, फिल्टर, ऑइल, होस, इंजेक्टरचं काम, चौथरा, शेड, केबल, चेंजओव्हर (लाइट आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच), अर्थिंगचे खड्डे. मिळून लाखाला टेकतं. १ लाख ७० हजारांचा संच पावणेतीन लाखांना पडतो.

ट्रॅक्टरवरचा असो की मिलिटरीचा, जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते का तेही त्यालाच विचारा. चेंजओव्हरशिवाय जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला तर करंट उलटा महावितरणच्या तारेत जातो आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. धूर कोंडेल अशा खोलीतही इंजिन चालवू नका.

परत आलेल्या तीन लाखांतून जनरेटरसाठी सव्वा लाख, टर्मचा हप्ता पंधरा हजार, उरलेले एक लाख साठ हजार खऱ्या एफडीत. एफडीची पावती हातात आली की तिच्यावर ‘हप्ता’ हा शब्द कुठे नाही ना, तेवढं बघून घ्या.