शाळेत सुटलेला तबला पुन्हा हाती येईल का?

तुमचा प्रश्न असा: शाळेत तीन-चार वर्षं तबला शिकलात, दहावीला सुटला, आता वय बेचाळीस. बोटं वळतील का, आणि सुरुवातीपासून शिकायचं की सुटलं तिथून पुढे?

वळतील. पण 'सुटलं तिथून पुढे' हे मनातून काढा. माझे चार महिने त्यातच गेले.

मी गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या होत्या. दहावीच्या वर्षी माळ्यावर गेलेला तबला एकदम सेहेचाळिसाव्या वर्षी खाली आला. पुडी म्हणजे वरचं चामडं फाटलेलं, ते ताणून धरणाऱ्या चामडी वाद्या लाकडासारख्या कडक. नवी पुडी चढवून आणली, जुन्या वहीतला 'धाधा तिट' कायदा (ठरलेल्या बोलांची, विस्तार करत वाजवायची रचना) काढला आणि काय सांगू, हात चालला! त्याच गुर्मीत इथे नागपुरात सक्करदऱ्याला एका सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता फक्त 'ना' वाजवा, ताई."

दोन आठवडे नुसता 'ना'. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला जेमतेम टेकलेली, तर्जनीचा आघात किनारीवर, बोट लगेच वर. माझी अनामिका दाबली जायची, म्हणून नाद जागीच मरायचा. लहानपणापासूनची खोड, तेव्हा कुणी पकडली नव्हती. बोटांना जुनं आठवतं ते असं, चुकांसकट. ठेक्यातही तेच. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला काल (टाळीऐवजी रिकामा हात), दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा, गप्प हवा. माझा डावा हात दहाव्या मात्रेला हटकून घुमायचा. सरांनी वाजवणंच बंद केलं, आठवडाभर हातावर टाळी देत बोल म्हणायला लावले. मी वैतागले की एकच वाक्य: "घाई काऊन करून राहिल्या तुम्ही?"

'तिट'ला मी बोटं वेगळी वापरायची, सर वेगळी. मला वाटलं, झालं, हेही मोडणार. तर म्हणाले, तुमच्या आधीच्या सरांचं चूक नाही, तो हात, म्हणजे वाजवायची पद्धत, वेगळी आहे; फक्त एका कायद्यात दोन्ही मिसळू नका. असा शिक्षक शोधा. पहिल्या दिवशी आधीच्या गुरूला नावं ठेवणारा असेल तर नमस्कार करून परत या.

आता नागपूरची खास अडचण, कूलर. मे महिन्यात बाहेरच्या कोरड्या हवेनं पुडी ताणली जाते, स्वर चढतो. आपण कूलरसमोर बसतो, तिथली ओली हवा लागून तीच पुडी दहा मिनिटांत उतरते. मी हातोडी घेऊन गजरा (पुडीच्या कडेचा चामडी गोफ) ठोकत बसायची आणि स्वर परत बिघडायचा. शेवटी वेळच बदलली. सकाळी सहाला, कूलर बंद, खिडकी उघडी, वीस मिनिटं. फोनवर लेहरा (तालाची साथ देणारी फिरती धून), लय मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास. बंद गाडीत किंवा उन्हात तबला ठेवू नका, पुडी तडकते. पावसाळ्यात उलटं, ती सैल पडते, तेव्हा कव्हरमध्ये नीट गुंडाळून ठेवायचा.

गुडघ्यांचं म्हणाल तर मांडी घालून बसायचा हट्ट सोडा. मी खुर्चीवर बसते, तबला-डग्गा समोर बुटक्या टेबलावर. सरांनीच सुचवलं. (घरी आईला ते अजून पटलेलं नाही.)

परीक्षेचं आत्ताच ठरवू नका. मला सुरुवातीला मध्यमेचा, म्हणजे प्रवेशिकेनंतरच्या परीक्षेचा, फॉर्म भरायची भारी हौस होती. सर नाही म्हणाले नाहीत, फक्त दर वेळी "पुढच्या सत्रात बघू" म्हणायचे. दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात 'धाधा तिट' दुप्पट लयीत सलग चार आवर्तनं बसला, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं एकदम थांबलो. मी फॉर्मचं विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "डावा हात थोडा कमी. परत."