खाण्यात फार चोखंदळ आहे, वजन कमी करायचंय. न आवडणाऱ्या भाज्या खायला कशी सुरुवात करू?

सगळं जेवण एकदम बदलू नका. आवडीचं तसंच राहू द्या, फक्त प्रमाण थोडं कमी करा आणि सोबत नव्या पदार्थाचे दोनच घास घ्या, तेही कडकडून भूक लागलेली असताना. पहिल्याच घासाला फुली मारू नका. अनोळखी चव रुळायला बऱ्याचदा ८-१० वेळा खावं लागतं.

माझ्या मते नावड बहुतेक वेळा भाजीची नसतेच, ती शिजवण्याची असते. ब्रोकोली जास्त उकडली की गंधकाचा उग्र वास सुटतो, वर लगदा होतो. तीच चमचाभर तेलात, मोठ्या आचेवर, कडा तपकिरी होईपर्यंत परता, गोडसर लागते. चिमूटभर मिठाने कडवटपणाही दबतो. चीज किंवा मेयोनीज मात्र जपून, कॅलरी तिथेच वाढतात.

आणि एखादी गोष्ट घशाखाली उतरतच नसेल तर खुशाल सोडा. गाजर-काकडी चालत असेल तर तीच रोज खा.