आजोबांचा डबा आणि ओहायोतलं तळघर

प्रश्न: काका, माझा मुलगा अमेरिकेत, ओहायोत असतो. मागच्या वर्षी त्याने तिथे रीतसर एक जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल घेतली. तिच्यावर आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्याचा शिक्का आहे म्हणून त्याला फार कौतुक. आता सुट्टीच्या दिवशी तळघरात बसून तो उडवलेली काडतुसं स्वतःच पुन्हा भरतो. विकतची परवडत नाहीत म्हणतो. मला धास्ती वाटते. दुसरं, माझे सासरे होळकर संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांच्या डब्यात चाळीसेक रिकामी काडतुसं निघाली. बुडावर के, बाण, एफ आणि ४३ असं कोरलंय. त्याच डब्यातल्या आणखी दोन काडतुसांना पुढे टोकदार गोळीही आहे. मे महिन्यात येताना डबा घेऊन ये, असा त्याचा हट्ट आहे. नेऊ का?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, आधी डब्याचं बोलू. नेऊ नका. हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेतही नको. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्यात भरलेल्या काडतुसाबरोबर त्याचे सुटे भागही धरलेत. त्यामुळे ‘रिकामीच तर आहेत’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही. मशीनमध्ये पितळ लख्ख दिसतं, आणि मग विमान सुटतं, तुम्ही चौकीत. शिवाय थ्री-नॉट-थ्री हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप, साध्या परवान्यावर तो मिळत नाही. ती दोन भरलेली हलवून बघू नका, गोळी उपसायचा प्रयत्न तर अजिबात नको. जवळच्या ठाण्यात आधी तोंडी सांगा, मग ट्रंक कुणाची आणि डबा कधी सापडला हे लिहून द्या. ओळखीचा वकील असेल तर बरोबर न्या. आठवण म्हणून एखादी पुंगळी, म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी नळी, ठेवावीशी वाटेल, तेही वकिलाला विचारूनच.

के-एफ म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी. तिथला कारखाना १८६९ पासूनचा. ४३ हे साल. म्हणजे ऐन दुसऱ्या महायुद्धातला माल, आणि त्या दोन काडतुसांत कॉर्डाइट, म्हणजे जुन्या पद्धतीची दारू, असणार. फौजेत आमच्या आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या, कोर्समध्ये उस्तादांनी उभं कापलेलं काडतूस दाखवलं होतं. आत पूड असेल असं आम्हा पोरांना वाटलेलं. निघाल्या शेवया! तपकिरी, बारीक, एकाच लांबीच्या, जुडी बांधल्यासारख्या. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, त्या दिवशी खीर होती, एकाने ती खाल्लीच नाही.

चिरंजीवांना आणखी एक सांगा, म्हणजे हट्ट आपोआप सुटेल: त्या पुंगळ्या त्याच्या काहीच कामाच्या नाहीत. टॉर्च लावून आत बघितलं तर तळाला दोन बारीक भोकं दिसतील. ही बर्डन पद्धत. तिकडच्या काडतुसं भरायच्या घरगुती प्रेसला बॉक्सर पद्धतीची पुंगळी लागते, मधोमध एकच भोक असलेली. त्या भोकातून पिन घालून बुडातली जळकी टोपी, म्हणजे दारू पेटवणारा भाग, बाहेर ढकलतात. बर्डनमध्ये घातली तर पिन मोडते.

आता तळघराचं. तुमचा मुलगा वेडेपणा करत नाहीये. तुमच्याच भाषेत सांगतो, तयार ब्लाउज आणि मापाने शिवलेला ब्लाउज यातला हा फरक आहे. या रायफलींचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, मुद्दामच ऐसपैस ठेवलेलं असे, खंदकातला चिखल लागलेलं काडतूसही आत जावं म्हणून. विकतचं काडतूस त्यात थोडं ढिलं बसतं. बार झाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि त्या रायफलीचं माप घेतं. भरणारा शहाणा असेल तर ते माप मोडत नाही, फक्त पुंगळीचा गळा आवळतो. घाईतला माणूस अख्खी पुंगळी दाबून कारखान्याच्या मापाची करतो. पुढच्या बाराला ती पुन्हा ताणते, पुन्हा दाबतो, पुन्हा ताणते. चार-पाच वेळा असं झालं की बुडाच्या जरा वर पितळ आतून झिजतं, आणि एक दिवस बूड बाहेर येतं, बाकीची पुंगळी चेंबरमध्येच अडकते. एनसीसीच्या रायफली आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या, तेव्हा अशा अर्ध्या पुंगळ्या मी महूला किती काढल्या असतील. तिथे कारण वेगळं, चेंबर मागून बंद करणारे बोल्ट झिजलेले, पण तुटायची जागा नेमकी तीच. बाहेरून तिथे एक चकचकीत रेघ दिसते. टोक वाकवलेली तार आत फिरवली तर खाच बोटाला कळते.

दुसरं कारण गोळीचं. या रायफलीची नजर, म्हणजे साइट, १९१० च्या मार्क सेव्हन काडतुसावर बेतलेली आहे. त्याची गोळी १७४ ग्रेन वजनाची. दुकानात १५० किंवा १८० ची मिळाली तर नेम वर-खाली जातो, आणि मग बिचाऱ्या रायफलीला बोल लागतो. जुन्या नळ्यांचं अंतर्मापही कमी-जास्त निघतं. मऊ शिशाचा गोळा नळीतून ढकलून माप घ्यायचं आणि त्याप्रमाणे गोळी निवडायची. हे घरी भरणाऱ्यालाच जमतं.

पैशाचं म्हणाल तर लष्करी जुन्या साठ्यातल्या स्वस्त पेट्या तिकडे आता जवळपास संपल्या. नवं काडतूस डॉलर-दोन डॉलरला एक. सगळ्यात महाग भाग पितळ, आणि तेच पुन्हा वापरता येतं. उरली टोपी, दारू, गोळी. निम्म्यात काम होतं. पण प्रेस, तराजू, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे) यांचे तीन-चारशे डॉलर आधी घालावे लागतात. वर्षाला शंभर बार करणाऱ्याला ते वसूल व्हायला चार-पाच वर्षं जातात. म्हणून ‘परवडत नाही’ हे तो तुम्हाला सांगायला म्हणतो. खरं तर त्याला ते करायला आवडतं. आवडू दे.

धास्ती मात्र अगदीच खोटी नाही. फोनवर त्याला विचारा: टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा असतो ना? प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून बघतोस ना, चुकून दोनदा भरली नाही ना? माप छापील पुस्तकातलं, की कुणी मित्राने सांगितलेलं? मित्राचं असेल तर खुशाल रागवा. पिस्तुलाची झटकन जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत गेली की बोल्ट आणि चेहरा यांत फार अंतर नसतं. आणि त्या टेबलावर तुमचा चिवडा खायचा नाही. शिशाची धूळ असते, हात धुऊन वर येऊन खा म्हणावं.

कधी जुनी लष्करी काडतुसं उडवलीच, तर त्या टोपीतल्या क्षाराने नळी गंजते. तेलाने तो क्षार निघत नाही. आम्ही लंगरातून उकळतं पाणी आणून नरसाळ्याने नळीत ओतायचो. मग कोरडं फडकं, मग तेल.

प्रश्न: माझ्याकडे परवान्याची ३१५ बोर रायफल आहे. काडतुसं महाग पडतात. ओहायोसारखं आपल्याला भरता येईल का?
– एक शेतकरी, देवास

उत्तर: नाही, भाऊ. तुमचा परवाना रायफल बाळगायचा आहे, दारूगोळा तयार करायचा नाही. तयार करायला शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. त्यावाचून पकडले गेलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते. परवान्यावर जेवढी लिहिलीत तेवढी दुकानातून घ्या, पावती जपा. आणि रानडुकरं हाकलायला असतील तर आधी कुंपणाचा खर्च काढून बघा.