अनोळखी मेलला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा नव्हे

मुलांच्या ई-मेलबद्दल कोल्हापुरातल्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. शाळेचा प्रकल्प पाठवायला मेल हवा म्हणून तिनं स्वतःच जीमेलचं खातं काढलं आणि जन्मसाल २००० टाकलं. चालेल का? (पालक, राजारामपुरी)

उत्तर : चालणार नाही. भारतात जीमेलचं स्वतंत्र खातं १३ वर्षं पूर्ण झाल्यावरच काढता येतं. खोट्या सालामुळे गूगलच्या लेखी ती पंचविशीतली बाई ठरते, त्यामुळे लहानांसाठीची बंधनं यूट्यूबवरही लागत नाहीत. पुढं खरं वय कळलं तर खातं बंद होऊ शकतं, आणि ऐन प्रकल्पाच्या आठवड्यात फायली आत अडकतात.

खात्यात अजून फारसं काही नसेल तर आहेत त्या फायली उतरवून घ्या, ते खातं काढून टाका आणि तुमच्या मोबाइलवरच्या, पालकांसाठी असलेल्या गूगलच्या 'फॅमिली लिंक' अॅपमधून खरी जन्मतारीख देऊन नवं उघडा. त्यातून तिचे मेल तुम्हाला वाचता येत नाहीत. पण कोणतं अॅप घ्यायचं, मोबाइल किती वेळ वापरायचा, विसरलेला पासवर्ड कसा बदलायचा हे तुमच्या हातात राहतं. म्हणजे किल्ली तुमच्या खात्यात असते, तेव्हा आधी तुमच्याच खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरची दुसरी खूणही मागणारी) लावा. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

पत्त्यात आडनाव, जन्मसाल आणि शाळा एकत्र गुंफू नका. नुसता पत्ता वाचून मुलगी कोण, केवढी, कुठं सापडेल हे कळता कामा नये. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा. लक्षात राहतात, आणि 'जोतिबा१२३'सारखे चुटकीसरशी ओळखता येत नाहीत.

प्रश्न : मुलं विषय न लिहिता 'सर पिक' एवढंच पाठवतात. आठ-आठ फोटो, तेही आडवे. त्यांना मेल लिहायला शिकवायचं कुठून? (शिक्षक, कसबा बावडा)

उत्तर : उलट्या क्रमानं शिकवा : आधी फाइल जोडायची, मग मजकूर, मग विषय, आणि पत्ता सगळ्यांत शेवटी. पत्ताच नसेल तर चुकून बटण दाबलं तरी अर्धा मेल जात नाही. 'फाइल जोडली आहे' असं लिहून फाइल विसरण्याचा घोळही यानंच टळतो.

विषयात पाठवणारा आणि काम दोन्ही हवं : '७ वी ब, हजेरी क्र. २३, भूगोल प्रकल्प'. फाइलचं नावही तसंच. कॅमेऱ्यानं दिलेला आकडा चाळीस मुलांच्या ढिगात काही सांगत नाही. वहीच्या पानांचे सुटे फोटो घेण्याऐवजी ड्राइव्ह अॅपमधल्या स्कॅननं सगळ्या पानांची एकच पीडीएफ करायची. जीमेलवर जोडलेल्या फायलींची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हच्या लिंकनं जाते, आणि तिथं परवानगी द्यायची राहिली की तुम्हाला रात्री दहाला 'अॅक्सेस द्या' अशी विनंती येते.

आता भाषा. आपल्याकडं 'फाइल पाठवलोय, बघा की सर' हे समोरासमोर लाडिक वाटतं. त्यातला 'की' आवाजानं मऊ होतो. मेलमध्ये आवाज नसतो, म्हणून तोच 'की' तगादा वाटतो. बोली चुकीची आहे असं मात्र मुलांना सांगू नका, जागा वेगळी आहे एवढंच सांगा. नमुना म्हणून एवढं पुरे :

'आदरणीय सर, नमस्कार. मी ७ वी ब मधील विद्यार्थी, हजेरी क्र. २३. भूगोलाचा प्रकल्प सोबत जोडला आहे. पान ४ वरील नकाशा पुसट आला आहे. हवा असल्यास उद्या वही दाखवतो. आपला विद्यार्थी,' आणि खाली पूर्ण नाव.

पुसट नकाशाचं वाक्य मुद्दाम घातलंय. वाचणाऱ्याला पुढं काय अडेल ते आधीच सांगून ठेवणं 'आदरणीय'पेक्षा जास्त सभ्य, असं आमचं मत.

संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये 'अनडू सेंड'ची, म्हणजे पाठवलेला मेल मागं घेण्याची, मुदत ५ वरून ३० सेकंद करून द्या. ती गेल्यावर मेल परत येत नाही. आणि पन्हाळ्याच्या सहलीची सूचना सगळ्या पालकांना पाठवताना पत्ते 'बीसीसी'त (एकाचा पत्ता दुसऱ्याला न दाखवणाऱ्या रकान्यात) टाका. नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांकडं जातात, वर कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करून 'आमचा बंड्या येणार नाही' असं अख्ख्या वर्गाला कळवतो.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलाचे मेल गुपचूप वाचावेत का? (पालक, शाहूपुरी)

उत्तर : गुपचूप नको. पकडले गेलात की तो दुसरं खातं काढेल, आणि ते तुम्हाला माहीतही नसेल. आठवड्यातून एकदा शेजारी बसून स्पॅम फोल्डर दोघांनी मिळून पाहा. खोटे मेल ओळखायला त्याहून चांगलं पुस्तक नाही.

प्रश्न : 'शिष्यवृत्ती मंजूर, ९९ रुपये भरा' असा मेल आला. नातवानं 'थँक्यू सर' म्हणून उत्तर दिलं आणि माझा मोबाइल नंबरही कळवला. पैसे अजून भरलेले नाहीत. (आजोबा, शिवाजी पेठ)

उत्तर : नातू सभ्य आहे, आणि ठगाला तेच हवं असतं. 'विचारलं की उत्तर द्यावं' हे आपणच शिकवतो. मेलसाठी या शिकवणीला एक जोड द्या. ओळखीच्याला वेळेत उत्तर, अनोळख्याला मोठ्यांना दाखवल्याशिवाय काहीच नाही, नकारसुद्धा नाही. कारण नकार गेला तरी पत्ता चालू आहे हे ठगाला कळतं.

पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहिता येतं, म्हणून नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडायला शिकवा. पत्ता शेवटाकडून वाचायचा. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं, म्हणजे महाडीबीटीचं, खरं संकेतस्थळ 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'वर संपतं. मध्ये कुठंतरी 'गव्ह' आणि शेवटी 'डॉट कॉम' असेल तर ते सरकारी नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही याच वेळी सांगून टाका.

तुमच्या नंबरवर आता फोन येतील. ओटीपी कुणालाही सांगू नका. नातवानं कुठं पासवर्ड टाकला असेल तर तो लगेच बदला, खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन अनोळखी उपकरणं बाहेर काढा आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' पाहा. तिथं परका पत्ता राहिला तर पासवर्ड बदलूनही मेल त्याच्याकडं जात राहतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. तो मेल पुसू नका, पुरावा आहे. स्क्रीनशॉट ठेवा आणि मग जीमेलमधल्या 'रिपोर्ट फिशिंग'नं हा फसवा मेल असल्याचं गूगलला कळवा.

आणि त्याच्यावर ओरडू नका. या वेळी त्यानं तुम्हाला सांगितलं, म्हणून ९९ रुपये अजून खिशात आहेत.